दुनळीच्या उघड्या ट्रिगर गार्डवर मुंबईच्या हवेत टिकेल असं कोटिंग कोणतं?

माहीमकर_१२बोअर
मंडळी, साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या) १२ बोअर बंदुकीच्या ट्रिगर गार्डसाठी, म्हणजे चापाभोवतीच्या कमानीसाठी, मत हवं आहे. बंदूक परवान्यावरची आहे, सध्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे आहे आणि काम त्याच्याच हातून होणार. मूळचा काळा रंग पूर्ण गेला होता. गंज आणि खड्डे काढून गार्ड ३२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत आणलाय, म्हणजे आत्ता उघडं लोखंड. साधं माइल्ड स्टील आहे, कानस सहज चावते. सोबत दोन स्क्रू.
घर खाडीलगत. हाताचा घाम लागणार, जून ते सप्टेंबर दमट हवा लागणार. बंदूक संग्राह्य वगैरे नाही, त्यामुळे मूळ रंगसंगतीचा आग्रह नाही. टिकाऊपणा हवा.
समोर आलेले पर्याय: कोल्ड ब्लू, ब्लॅकोडायझिंग, मँगनीज फॉस्फेट, ओव्हनमध्ये भाजायचं सिरॅमिक कोटिंग, आणि निकल किंवा हार्ड क्रोम. नळ्यांचा प्रश्न इथे नाही, फक्त गार्ड.

लोहभस्म
कोल्ड ब्लू आधी खोडून टाका. त्यात मुख्यतः सेलेनियम डायऑक्साइड आणि तांब्याचा क्षार असतो. लोखंडावर तांबे-सेलेनियमचं अतिशय पातळ काळं पुट बसतं, बस. मेंदीसारखं आहे ते: रंग येतो, कातडं जाड होत नाही. खरचटलेल्या जागेला रंग जुळवायला ठीक, पण रोज हाताळायच्या भागावर घामाने काही आठवड्यांत पुसलं जातं. शिवाय सेलेनियम विषारी. नायट्रिल हातमोजे आणि वाहती हवा नसेल तर बाटली उघडूच नये.

वसई_शेड
ब्लॅकोडायझिंगबद्दल, म्हणजे गरम टाकीत लोखंड काळं करण्याबद्दल (गरम ब्लूइंग), लिहितो, कारण मुंबई-वसई पट्ट्यात सर्वात सहज होणारं जॉबवर्क हेच.
कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचं घट्ट द्रावण, तापमान साधारण १४० अंश. हे द्रावण ज्या तापमानाला उकळतं तेच त्याचं काम करायचं तापमान, आणि ते ठरतं त्यातल्या पाण्यावर. पाणी उडालं की उकळबिंदू चढतो. १३५ च्या खाली थर नीट धरत नाही, १५० च्या पुढे गेलं की काळ्याऐवजी तांबूस झाक येते. तापलेल्या कॉस्टिकमध्ये एकदम पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. लांब दांड्याने, थेंबाथेंबाने, तोंडावर ढाल घालूनच.
थर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा, जेमतेम १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. तो स्वतः गंज अडवत नाही, तेल धरून ठेवतो. तेल संपलं की संरक्षण संपलं.
जॉबवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, नट-बोल्टच्या टोपलीत टाकू नको, लोखंडी तारेला टांगून बुडव. तांब्या-पितळेची तार नको. दुसरी, नंतर उकळत्या पाण्यात निदान दोनदा धू. स्क्रूच्या भोकात आणि घडीत कॉस्टिक अडकलं की महिन्याभराने पांढरी पावडर फुलते आणि तिच्याखाली गंज.

अनघा_प
वसई_शेड, यात एक भर अवश्य घाला: जुन्या दुनळीच्या नळ्या कधीही या टाकीत द्यायच्या नाहीत. नळ्यांमधली पट्टी मऊ रांगेच्या जोडाने, म्हणजे कथील-शिशाच्या सोल्डरने बसवलेली असते. गरम कॉस्टिक तो जोड खातं. अॅल्युमिनियमचा भाग असेल तर तो थेट विरघळतो. धागाकर्त्याने नळ्यांचा प्रश्न नाही म्हटलंय, पण वाचणारे बाकीचे आहेत.

वसई_शेड
बरोबर. सोबत काढता येण्याजोगं सगळं काढूनच द्यावं.

रेषा_आणि_रंध
माझा कौल रस्ट ब्लूला, म्हणजे मुद्दाम आणलेला गंज उकळून काळा करण्याला. गरम टाकीचा रंग आणि रस्ट ब्लू दोन्ही शेवटी मॅग्नेटाइटच, पण रस्ट ब्लूचा थर थरांवर थर चढवून बनतो. तो जास्त दाट, मॅट आणि घासटीला बराच सरस असतो. सोल्डरलाही इजा नाही.
क्रम असा: अॅसिटोनने तेल काढा. पातळ अॅसिडयुक्त द्रावण कापसाने एकाच हाताने, ओघळ न येऊ देता फिरवा. पिळलेल्या कापसाइतकंच ओलं. दमट पेटीत ३ ते ६ तास टांगा. बारीक, सारखा, मखमली लाल गंज यायला हवा. मग डिस्टिल्ड पाण्यात १५ ते २० मिनिटं उकळा, लाल गंज काळा होतो. सुटी काजळी बारीक तारेच्या मऊ ब्रशने किंवा ०००० नंबरच्या स्टील वूलने उतरवा. स्टील वूलला कारखान्याचं तेल असतं, ते आधी अॅसिटोनमध्ये धुवा, नाहीतर पुढच्या फेरीत डाग. असं ५ ते ८ वेळा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून अॅसिड मारायचं आणि गरम असतानाच तेलात रात्रभर.

पश्चिमवारा
मुंबईत जुलैमध्ये दमट पेटीची गरजच काय! खिडकीत टांगा, आपोआप रस्ट ब्लू.

रेषा_आणि_रंध
पश्चिमवारा, हसायला ठीक आहे, पण नेमकं हेच करायचं नाही. समुद्राच्या हवेत मीठ असतं. क्लोराइड बसलं की गंज सारखा न पसरता टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो, आणि उकळून तो काळा झाला तरी खड्डा राहतोच. म्हणून बंद प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओला स्पंज, आत आर्द्रतामापक. ८० ते ९० टक्के आर्द्रता, ३० अंशाच्या आसपास तापमान. उकळायला नळाचं पाणी नको, पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वापरा.

लोहभस्म
रस्ट ब्लू देखणा आहे यात वाद नाही. पण प्रश्न देखणेपणाचा नाही. घामात मीठ आणि लॅक्टिक अॅसिड असतं. गार्डला बोटं लागणार ती दर वेळी. मॅग्नेटाइट कितीही दाट असला तरी सच्छिद्र. तेलाचा हात चुकला की खाडीकाठी दोन दिवसांत तपकिरी ठिपके.

रेषा_आणि_रंध
तेलाचा हात चुकवणाऱ्याच्या हाती कोणताही फिनिश टिकणार नाही.

लोहभस्म
हे मान्य नाही. कोटिंग निवडायचं ते माणूस चुकेल असं धरूनच.

फॉस्फेटवाला_ठाणे
आता मधली वाट. हेवी मँगनीज फॉस्फेट.
बाथ ९० ते ९५ अंश, उकळू द्यायचा नाही. उकळलं की गाळ बनतो आणि भागावर खरखरीत कण बसतात. भाग आत गेला की बुडबुडे सुटतात, तो हायड्रोजन. बुडबुडे जवळजवळ थांबले की काम झालं, साधारण १० ते २० मिनिटं. भांडं स्टेनलेसचं, अॅल्युमिनियमचं अजिबात नाही. नवीन बाथमध्ये लोह कमी असतं, म्हणून आधी थोडं तेल काढलेलं स्टील वूल त्यात विरघळवतात. नाहीतर पहिला भाग फिकट आणि पट्ट्यापट्ट्यांचा निघतो.
थर ५ ते १५ मायक्रॉन, स्फटिकांचा. ब्लूइंगपेक्षा कितीतरी जास्त तेल पितो.
दोन अडचणी. ३२० नंबरवर घासलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर स्फटिक मोठे आणि विरळ उगवतात. आधी अॅल्युमिनियम ऑक्साइडने हलकं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं) लागतं. आणि जॉबवाल्याला नुसतं 'फॉस्फेटिंग' म्हणालात तर तो रंगाखालचं झिंक फॉस्फेट करून देईल, २-३ मायक्रॉनचं. कामाच्या चलनावर (चिठ्ठीवर) लिहून घ्या: हेवी मँगनीज, तेलाशिवाय किंवा तेलासह, जे हवं ते.

नवा_सभासद_क
बाजूच्या गाळ्यात पावडर कोटिंगवाला आहे. ग्रिल करतो, मजबूत असतं. त्याच्याकडून नाही का चालणार?

अनघा_प
नवा_सभासद_क, प्रश्न चांगला आहे, उत्तर नाही असं आहे. आणि का ते महत्त्वाचं.
पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन. स्क्रूचं डोकं बसायची खोलगट जागा भरते, गार्ड लाकडात बसतो तिथे कडा वर येते. धारदार कडेवर मात्र भाजताना वितळून पातळ होतं, आणि ठोकर कडेलाच लागते. तिथे टवका उडाला की खालून गंज सरकत जातो आणि वरून दिसत नाही.
भट्टी १८० ते २०० अंश. गार्डला फरक पडत नाही, पण ६०-४० सोल्डर १८३ अंशाला वितळायला लागतो. त्या भट्टीत कुणी नळ्या ठेवल्या तर पट्टी सुटून येईल.

नवा_सभासद_क
समजलं. धन्यवाद, ताई.

तापमान_तक्ता
अनघा_प यांनी भट्टीचा मुद्दा काढला म्हणून: कोटिंग निवडताना पहिला प्रश्न 'किती टिकतं' नसून 'किती तापवावं लागतं' हा हवा.
टिकाऊपणात मीठ-बाथ नायट्रायडिंगला (वितळलेल्या क्षारात तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) तोड नाही. पृष्ठभाग खूप कडक होतो, गंजाला उत्तम, माप फारसं वाढत नाही. पण बाथ ५६० ते ५९० अंश. माइल्ड स्टीलच्या गार्डला ते सोसेल, फक्त इतकी बारीक वाकवलेली पट्टी किंचित पिळण्याची शक्यता राहते. स्प्रिंग किंवा कडक केलेला सियर चुकून त्यात गेला तर त्याचं टेंपर (मुद्दाम दिलेला कडकपणा) गेलं. म्हणजे सियर, हॅमर अडकवून धरणारा भागच, मऊ, आणि ते जिवावर बेतू शकतं.
केमिकल निकलला वीज लागत नाही, सगळीकडे सारखा बसतो. ९० अंशाच्या आसपासचं काम. जास्त फॉस्फरसचा, निदान २५ मायक्रॉन घेतला तर छान. त्याहून पातळ असेल तर सूक्ष्म छिद्रं राहतात. निकल लोखंडापेक्षा 'उच्च' धातू, त्यामुळे छिद्रातून ओल शिरली की निकल शाबूत राहतो आणि खालचं लोखंड वेगाने खाल्लं जातं. झिंकच्या बरोबर उलट.
हार्ड क्रोम विजेचा, म्हणून कडेला जाड आणि कोपऱ्यात पातळ. त्यात केसासारख्या भेगा मुळातच असतात. घासटीला राजा, ओलीला तितका नाही.

फॉस्फेटवाला_ठाणे
हायड्रोजनचाही उल्लेख हवा. अॅसिडचं पिकलिंग (अॅसिडमध्ये बुडवून गंज काढणं), फॉस्फेट आणि विजेचं प्लेटिंग, या तिन्हींत लोखंडात हायड्रोजन शिरतो. मऊ गार्डला काही होत नाही. रॉकवेल सी (कडकपणाचं माप) ३९ च्या वर कडक असलेला भाग मात्र ठिसूळ होऊन दोन दिवसांनी, कुणी हात न लावता तडकू शकतो. फॉस्फेटनंतर अशा भागाला सुमारे १०० अंशाला ८ तास ठेवतात. क्रोमनंतर १९० ते २२० अंश, आणि तेही प्लेटिंग झाल्यावर तीन-चार तासांच्या आत सुरू करायचं.

सिरॅमिक_प्रेमी
सेराकोट या ब्रँडची एच मालिका किंवा तशाच जातीचं कोटिंग, माझ्या मते या गार्डला हेच. साधारण २५ मायक्रॉन, १२१ अंशाला २ तास किंवा १४९ ला १ तास. घाम, मीठ, सॉल्व्हंट, कशालाही दाद देत नाही.
पण मुंबईत ते फसतं ते कोटिंगमुळे नाही, हवेमुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीत जुलैमध्ये पाणी साचतं. ते ब्लास्टिंगच्या नळीतून थेट उघड्या लोखंडावर. डोळ्याला दिसत नाही इतका गंज तिथेच सुरू, वर कोटिंग, आणि सहा महिन्यांनी फोड. टाकीचा ड्रेन दर वेळी सोडा, फवाऱ्याच्या गनच्या अगदी आधी पाण्याचा सापळा लावा. ब्लास्टिंग ते पहिला हात यात एका तासाहून जास्त वेळ जाऊ देऊ नका. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी करूच नका, किंवा एसी खोलीत करा.
क्रम: अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, १५० अंशाला तासभर भाजा, भोकांतून आणि घड्यांतून तेल वर येतं, आलं तर पुन्हा अॅसिटोन, पुन्हा भाजणं, मग १०० ग्रिट (कणांचा नंबर, मोठा तितके कण बारीक) अॅल्युमिनियम ऑक्साइडचं ब्लास्टिंग, कोरड्या हवेने झटकणं, नायट्रिल हातमोज्यांशिवाय स्पर्श नाही. ओव्हनच्या काट्यावर विश्वास नको, भागाला थर्मोकपल चिकटवून तापमान मोजा. स्वयंपाकाचा ओव्हन वापरायचा नाही. फवारताना सेंद्रिय वाफा अडवणारा गाळणीचा डबा (कार्ट्रिज) असलेला मास्क, साधा कापडी नाही.

जुनी_मूठ
सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. माहीमकर, गार्डच्या शेपटीवर क्रमांक कोरलाय का? मुठीवर मागे जाते त्या पट्टीवर?

माहीमकर_१२बोअर
हो. शेपटीवर अनुक्रमांक आहे, बारीक कोरलेला. त्याभोवती थोडी वेलबुट्टी, बरीच झिजलेली.

जुनी_मूठ
मग उत्तर बदलतं.
जुन्या दुनळींवर क्रमांक तिथे असणं नेहमीचं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. १०० ग्रिटचा जोरदार ब्लास्ट झिजलेल्या अंकांच्या कडा गोल करतो. वर २५ मायक्रॉन आणि एखादा जास्तीचा हात बसला की ३ आणि ८ ओळखू येत नाहीत. हेतू काहीही असो, परवाना नूतनीकरणाच्या तपासणीत उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.
आणखी: कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, आणि दुरुस्तीला कलम ५ चा परवाना लागतो. त्यामुळे गार्ड खिशात घालून वसईच्या किंवा अंधेरी एमआयडीसीच्या शेडवर स्वतः जाऊ नका. बाहेर काय द्यायचं, कसं द्यायचं, हे तुमच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच ठरवायचं.
काम सुरू होण्याआधी क्रमांकाचा तिरक्या उजेडात फोटो, शेजारी पट्टी ठेवून.

रेषा_आणि_रंध
म्हणजे रस्ट ब्लू! ब्लास्टिंग नाही, भर नाही, कोरीव काम जसंच्या तसं. पेपरही तिथे आता पुन्हा लावायचा नाही.

सिरॅमिक_प्रेमी
क्रमांकाचा मुद्दा पूर्ण मान्य. पण तेवढ्या जागेला ब्लास्टिंगच्या वेळी जाड टेप लावता येतो. क्रमांकावर फक्त अॅसिटोन, आणि कोटिंगचा एकच धुक्यासारखा हात. बाकी गार्डला पूर्ण थर.

लोहभस्म
टेपखालच्या गुळगुळीत जागी सिरॅमिक नीट चिकटणार नाही. तिथूनच सुटायला लागेल. फॉस्फेट मात्र टेपशिवाय क्रमांकावरही बसतो आणि ५-१० मायक्रॉनने कोरीव अंक भरत नाही. क्रमांक झाकून बाकीच्या भागाला १८० ते २२० ग्रिटने, कमी दाबावर ब्लास्ट. मग टेप काढून पूर्ण गार्ड मँगनीज फॉस्फेटमध्ये. कोरडा ठेवायचा, तेल नाही. वर सिरॅमिक पातळ, आणि क्रमांकाच्या चौकोनावर सिरॅमिकऐवजी मेण.

फॉस्फेटवाला_ठाणे
सहमत, एका अटीवर. फॉस्फेटच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी असतं, फार तापवलं तर ते उडून थर भुसभुशीत होतो. मँगनीज झिंकपेक्षा उष्णता जास्त सोसतो, तरी वरचं सिरॅमिक १२१ अंशाला २ तासच भाजा, १४९ चा रस्ता नको. १५० ला तेल भाजून काढायचं ते ब्लास्टिंगच्या आधी, फॉस्फेटनंतर नाही. आणि फॉस्फेटनंतर त्याच दिवशी फवारणी. कोरडा फॉस्फेट स्पंजासारखा ओल ओढतो.

जुनी_मूठ
सगळे दिसणाऱ्या कमानीबद्दल बोलताहेत. गार्ड गंजतो तो शेपटीच्या खालच्या बाजूने, जिथे ती अक्रोडाच्या लाकडात बसते. लाकूड ओल धरतं, त्यात टॅनिन, वर वर्षानुवर्षं न उघडलेले स्क्रू. तिथे ना फडकं पोचत ना तेल. आणि तेल ओतलं तर लाकूड काळं पडून मऊ होतं.
खालच्या बाजूला क्रमांक नाही, कोरीव काम नाही. तिथे ब्लास्ट, फॉस्फेट, सिरॅमिक, सगळं पूर्ण जाडीत घ्या. लाकडातल्या खाचेला बसवण्याआधी पातळ शेलॅक (लाखेचं वार्निश) किंवा मेणाचे दोन हात.

माहीमकर_१२बोअर
हे डोक्यातच नव्हतं. खालच्या बाजूलाच खड्डे जास्त होते, आता कारण कळलं.
तर दुरुस्तीवाल्याशी बोलून असं ठरतंय: आधी फोटो, मग क्रमांक झाकून बारीक ब्लास्ट, हेवी मँगनीज, तेलाविना, खालची बाजू आणि कमान सिरॅमिक, क्रमांकाचा चौकोन फॉस्फेट आणि मेणावर. शंका एकच, जॉबवाल्याने फॉस्फेट नीट केलं की नाही हे कसं ओळखायचं?

लोहभस्म
त्याच स्टीलच्या, निदान साध्या माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या गार्डसोबत त्याच टांगणीवर लावायला सांगा. एकीवर नुसता फॉस्फेट, दुसरीवर पुढचं सिरॅमिकही. नुसत्या फॉस्फेटच्या पट्टीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उठते आणि पुसली की जाते, ते ठीक. चमकतं लोखंड दिसलं तर थर नाही. सिरॅमिकच्या पट्टीवर ब्लेडने जाळी कापून चिकटपट्टी झटक्यात ओढा, एकही चौकोन निघता कामा नये. अॅसिटोनच्या बोळ्याने ५० वेळा घासा, बोळ्याला रंग आला तर भाजणं अपुरं.
मग दोन्ही पट्ट्या बंद डब्यात, ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा दर १२ तासांनी. कोरड्या फॉस्फेटची पट्टी लवकर गंजेल, तसं व्हायलाच हवं. दुसरीवर कडेने काय होतं ते बघा. गार्ड तोवर बंदुकीला लावू नका.

पश्चिमवारा
या वेळी गंमत नाही, गंभीर प्रश्न. बंदूक ठेवायची ती स्पंजच्या अस्तराच्या बॅगेतच ना?

अनघा_प
नाही. बॅग फक्त रेंजवर नेण्यापुरती. स्पंज पावसाळ्यात ओल ओढतो आणि आठवडाभर लोखंडाला चिकटवून ठेवतो. चामड्याच्या केसमध्ये कमावण्याची रसायनं असतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाला काही तास, पुन्हा वापरता येतं.

रेषा_आणि_रंध
क्रमांकावर मेण दर महिन्याला ताजं करायचं, मऊ फडक्याने, ब्रासोसारखं पॉलिश तिथे कधीही नाही. ठरलेला मार्ग मला पटला. तरी कमान रस्ट ब्लूमध्ये जास्त शोभली असती, हे लिहून ठेवतो.

माहीमकर_१२बोअर
नोंद घेतली! स्क्रूंचं काय करायचं? तेही त्याच टांगणीवर?

वसई_शेड
स्क्रू वेगळे. डोक्याची खाच ब्लास्टने गोल झाली की पेचकस निसटतो आणि पहिला ओरखडा नव्या गार्डलाच. डोकी हाताने ६०० पेपरवर साफ करून फॉस्फेटमध्ये, सिरॅमिक नाही. लाकडात जाणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना मेण, यंत्रस्क्रूच्या (धातूत बसणाऱ्या) आट्यांना तेलाचा एक थेंब. खाचेच्या मापाचा, समांतर धारेचा पेचकस नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. निमुळत्या टोकाचा नका घेऊ.